अनुभव धागा: पाचवी ते आठवीतली बक्षिसं आणि शाळेतले समारंभ (बडोदं)

वाडीवाली

दिवाळीची साफसफाई काढली होती. माळ्यावरच्या पिंपाच्या तळाशी स्टीलची एक वाटी सापडली. कडेला टिंबाटिंबांनी कोरलंय: ‘लिंबू-चमचा, द्वितीय, इ. ६’. खाली आडनाव, तेही चुकीचं. शेवटी एक ‘कर’ जास्तीचा. गंमत म्हणजे मला आठवतं त्याप्रमाणे माझं लिंबू अर्ध्या मैदानातच घरंगळलं होतं. तरी वाटी घरी आली ती आलीच, आणि आईनं ती साखरेच्या डब्यात मापाला टाकली. आमच्याकडे अजून शिऱ्याची कृती ‘दोन लिंबू-चमचे रवा, दीड लिंबू-चमचा साखर’ अशीच सांगतात. सुनेला पहिल्या दिवाळीत हे कळेना, तिनं खरंच लिंबू पिळलं.

तर लिहा. बक्षीस, स्पर्धा, स्नेहसंमेलन, प्रदर्शन, फेरी, जे काही त्या वयात शाळेत घडलं ते. आमच्या वेळी सातवीला प्राथमिक शाळा संपायची, आता आठवीही त्यातच धरतात, म्हणून पाचवी ते आठवी. दहावीचे टक्के इथे नकोत, त्यासाठी नातेवाईक आहेत. आपल्या मुलांचं, विद्यार्थ्यांचं लिहिलंत तरी चालेल. शाळेचं आणि गुरुजींचं नाव मात्र टाळा, बडोदं लहान आहे.

खंडेराव मार्केट

इथे बहुधा मीच सर्वांत वयस्क. १९६८ सालची गोष्ट, सातवीत होतो. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर, प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा म्हणून सगळे ओळखायचे. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं संध्याकाळी तिकडे. १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणात मल्लखांबाचं प्रात्यक्षिक ठरलं. मला साधी अढी (म्हणजे खांबाला पायांचा विळखा), मग दसरंग हा प्रकार आणि शेवटी वर सलामी एवढंच करायचं होतं.

मल्लखांबाला एरंडेल चोळतात हे इथल्या तरुण मंडळींना ठाऊक असेल-नसेल. अंगाला लाकूड घासू नये इतपतच चोळायचं असतं. त्या दिवशी ते काम माझ्या एका मित्राकडे दिलं आणि त्यानं अख्खी बाटली रिकामी केली. प्रेमानं केली म्हणतो अजून. मी अढी घातली, वर सरकलो आणि तसाच सर्रकन खाली आलो, थेट जमिनीवर बैठक. काय करावं सुचेना, म्हणून हात जोडून पाहुण्यांना नमस्कार केला. टाळ्यांचा कडकडाट! त्यांना वाटलं हा नवा प्रकार आहे. पुढच्या मुलाला तर ‘तसंच उतर’ अशी फर्माईश आली.

आखाड्यातले वस्ताद मागे उभे होते. घरी जाताना एवढंच म्हणाले, “पडलास ते पडलास, पाय जुळलेले होते.” मला नारळ मिळाला होता. तो आईनं मारुतीला फोडला.

कोठी कचेरी

मी कायम ‘उत्तेजनार्थ’. चित्रकला उत्तेजनार्थ, हस्ताक्षर उत्तेजनार्थ, पाठांतर उत्तेजनार्थ. सातवीपर्यंत मला वाटायचं ते माझं टोपणनाव आहे.

खडू आणि डस्टर

मी पालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे आठवीत यश म्हणजे काय ते एका शब्दात सांगायचं तर एनएमएमएस. बऱ्याच सुखवस्तू घरांत हे नावही पोचलेलं नसतं, म्हणून सांगते. केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी. सातवीत ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५० चालतात. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत. बुद्धिमत्तेचे ९० प्रश्न, विषयांचे ९०. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये थेट खात्यात. महिन्याला हजार. आपल्याला हजार म्हणजे दोन पिझ्झे. ज्या घरात मुलगी नववीला ‘बस झालं’ म्हणून थांबवतात, तिथे ते हजार वडिलांशी वाद घालतात.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी होती वर्गात. आई घरी खाकरे लाटायची, ही शाळेतून गेल्यावर शेकून, मोजून पाकिटं भरायची. संख्यामालिकेचा प्रश्न आला की तिची बोटं बाकावर हलायची, दहा-दहाची चळत लावल्यासारखी, आणि उत्तर बरोबर. आरशातली प्रतिमा, फासा उलगडणं हे सगळं ती खाकऱ्याचं पाकीट घडी करून दाखवायची. मी दिवाळीनंतर शाळा भरायच्या आधी पाऊण तास घ्यायचे. थंडीत येणारी सहा मुलं, त्यातली ही एक.

पास झाली. यादीत नाव आलं, प्रार्थनेत टाळ्या झाल्या, पेढे वाटले. आणि मग पैसे येईनात. का? शाळेच्या रजिस्टरात आपल्याकडे आडनाव आधी लिहितात, आधार कार्डावर ते शेवटी. बँकेच्या पासबुकात कुणी तरी वडिलांच्या नावापुढे ‘भाई’ जोडून दिलेला. एकच पोरगी, तीन कागदांवर तीन माणसं. एका खिडकीवर म्हणाले आधार सुधारा, दुसऱ्या खिडकीवर म्हणाले शाळेचा दाखला सुधारा. आईचा प्रत्येक खेपेला एक दिवस बुडायचा, म्हणजे त्या दिवशीचे खाकरे बुडायचे. शेवटी मीच दोन सुट्ट्या टाकून बरोबर गेले. आता मी सहावीतच सगळ्यांचे कागद मागवते, वहीत तीन रकाने आखते आणि ‘भाई’ कुठे चिकटलाय ते आधी बघते. कुणी शिक्षक वाचत असाल तर हे नक्की करा. गणित शिकवण्याइतकंच कामाचं आहे.

पैसे आले तेव्हा ती नववीत होती. पहिल्या पैशांतून चष्मा केला. तो दाखवायला आली तेव्हा मला कळलं की ती तीन वर्षं पहिल्या बाकासाठी का भांडायची. मी आपली तिला ‘पुढे पुढे करते’ म्हणत होते.

वाडीवाली

खडू आणि डस्टर, शेवटची ओळ वाचून थांबले जरा. मी पण पहिल्या बाकावरच्या मुलींना नावं ठेवलीत.

मम्मीचा आयडी

नमस्कार, मी आठवीत आहे. मम्मीनं सांगितलं लिही. आम्ही खेल महाकुंभमध्ये १४ वर्षांखालच्या खो-खोत गेलो होतो. खेल महाकुंभ २०१० पासून आहे, म्हणजे माझ्यापेक्षा मोठा. पहिली मॅच जिंकलो, दुसरी हरलो. समोरच्या टीमच्या मुली रोज मातीत खेळतात आणि आम्ही पेव्हर ब्लॉकवर, त्यामुळे आम्हाला सूर मारता येत नाही, गुडघे फुटतात. आमच्या सरांनी येताना सगळ्यांना सेव-उसळ खायला घातली. तर्री जास्त घेतली म्हणून मी रडले, पण घरी सगळ्यांना वाटलं हरले म्हणून रडले. एवढंच.

कोठी कचेरी

हिला पहिला नंबर द्या कुणी तरी. मी उत्तेजनार्थ राहतो.

काठावरचा

घर विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही असं म्हणू. आमचे चिरंजीव सातवीत होते तेव्हा शाळेतून इन्स्पायर-मानकसाठी, म्हणजे मुलांच्या विज्ञानातल्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेसाठी, कल्पना मागवल्या. तेव्हा सहावी ते दहावीच्या मुलांना त्यात भाग घेता यायचा, आणि निवड झाली तर नमुना करायला १०,००० रुपये मिळायचे. ह्यानं पुराचा इशारा देणारा भोंगा केला. पाण्याच्या पाइपचा तुकडा, आत थर्मोकोलचा गोळा, त्यावर पितळी पट्टी. पाणी चढलं की गोळा वर जातो, पट्टी दोन तारांना टेकते, भोंगा वाजतो. वरपर्यंत निवड काही झाली नाही, पण शाळेच्या प्रदर्शनात पहिला आला. यंत्र दिवाणखान्यात टीव्हीखाली विराजमान झालं.

ऑगस्ट २०२४. बडोद्याच्या माणसाला पुढचं सांगायला नको. काळाघोडा पुलाशी २६ फूट म्हणजे धोक्याची पातळी, नदी ३५ फुटांच्या वर गेली. पहाटे आईच्या पलंगाखालून चपला तरंगत बाहेर आल्या तेव्हा आम्हाला कळलं. भोंगा? गप्प. मागाहून उलगडा झाला. फरशी पुसताना तो केव्हाही बोंबलायचा म्हणून आईनं त्याचा सेल काढून देवघराच्या खणात ठेवला होता. गोळा मात्र अगदी वेळेवर वर चढलेला. आम्ही दोन दिवस वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे. मागच्या गल्लीत मगर आली होती, ती पकडून नेताना सगळी सोसायटी गच्चीवरून बघत होती आणि हा विचारत होता, “बाबा, मगरीला पाणी चढलेलं आधी कळतं का?”

सांगायचं ते पुढेच आहे. पाणी उतरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहिली. आमच्याकडे तीन फूट आठ इंच. रंगारी यायच्या आत हा टेप घेऊन गल्लीत फिरला, २३ घरांतली रेघ मोजली आणि वहीत लिहून ठेवली. एकाच गल्लीत एका टोकाला कमरेएवढं, दुसऱ्या टोकाला घोट्याएवढं. आम्ही इतकी वर्षं राहतोय, रस्ता सपाटच समजत होतो. पुढच्या प्रदर्शनाला यंत्र नेलंच नाही, गल्लीचा नकाशा नेला. परीक्षकांनी विचारलं, “यात मॉडेल कुठाय?” नंबर आला नाही. तो नकाशा मात्र सध्या सोसायटीच्या कपाटात आहे, आणि पार्किंगमधले विजेचे नवे मीटर कुठे बसवायचे ते मीटिंगमध्ये त्यावरूनच ठरलं.

काचेची फरशी

माझी तक्रार आहे आणि ती ३५ वर्षं जुनी आहे. सहावीत वक्तृत्व स्पर्धा, विषय महाराजा सयाजीराव. चौदा स्पर्धक. बाजारात एकच निबंधाचं पुस्तक, त्यामुळे चौदा जणांनी तेच ऐकवायचं: १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण, १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात. सातव्या मुलापर्यंत परीक्षकांचे डोळे मिटले होते.

माझे आजोबा सेंट्रल लायब्ररीचे रोजचे वाचक. ते मला मांडवीला घेऊन गेले. तिथली काचेची फरशी ज्यानं पाहिली नसेल त्याला सांगून कळणार नाही. वरच्या मजल्यावर माणूस चालला की खाली त्याच्या चपलांची सावली सरकते. मी पुस्तकं सोडून अर्धा तास सावल्याच बघत होते. आजोबांनी सांगितलं, महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, १९१० मध्ये ही लायब्ररी सुरू झाली, आणि इथून गावोगावी लाकडी पेट्यांमधून पुस्तकं जायची. एक पेटी वाचून झाली की परत, मग दुसरी.

मी भाषणात ती पेटीच सांगितली. पेटी गावात आली, कुलूप उघडलं, कोण कोण भोवती जमलं. परीक्षक जागे झाले, हसले, मान डोलावली. आणि निकाल? तिसरी. शेरा: ‘विषय सोडून बोलते.’ पहिला आला तो निबंधाचं पुस्तक पाठ केलेला मुलगा. आजोबा त्या दिवशी लीलो चेवडो घेऊन आले होते, मी खाल्ला नाही. आता वाटतं खायला हवा होता.

पोळा चौक नाही, पाणीगेट

शाळेतलंच, पण अलीकडचं आणि बक्षिसाशिवायचं. गुजरातेत तिथी भोजन म्हणून चांगली पद्धत आहे. कुणाचा वाढदिवस, लग्नाचा दिवस, पुण्यतिथी असली की शाळेतल्या मुलांना त्या दिवशी माध्यान्ह भोजनात आपल्याकडून जेवण. बाबा गेले त्याला वर्ष झालं तेव्हा मी ज्या शाळेत सातवीपर्यंत होतो तिथे जाऊन विचारलं. १४० मुलं. पुरी, बटाट्याची रस्साभाजी, मोहनथाळ. मोहनथाळ बाबांचा आवडता, मधुमेहामुळे शेवटची दहा वर्षं बंद होता.

ओळीनं मुलं बसली. मी वाढत होतो. सहावीतला असेल एक, ताट पुढे करून म्हणाला, “काका, कुणाचा बर्थडे?” तोंडातून निघून गेलं, “माझ्या बाबांचा.” आता पुण्यतिथी म्हणजे काय ते कुठे समजावत बसू. तर त्यानं उभं राहून सगळ्यांना सांगितलं आणि १४० पोरांनी एका सुरात, तीन भाषांत मिसळून, हॅपी बर्थडे सुरू केलं. बाई माझ्याकडे बघायला लागल्या, त्यांना खरं माहीत होतं. मी पुऱ्यांचं पातेलं हातात घेऊन उभा. मग तोच मुलगा म्हणाला, “दादाजींना पण द्या ना मोहनथाळ,” आणि आपल्या ताटातली अर्धी वडी पुढे केली. ती मी रुमालात बांधून आणली. फोटोपुढे ठेवली.

रावपुरा टॉवर

धागा सकाळपासून वाचतेय, वाडीवाली, आणि मला एकच विचारायचंय. शाळा मांडवीच्या अलीकडची का? गणवेशाला निळी रिबन?

वाडीवाली

हो! कोण तू?

रावपुरा टॉवर

मग ते आडनाव चुकलेलं नाही. ‘कर’ माझ्या आडनावात आहे. लिंबू-चमच्यात मी दुसरी आले होते आणि घरी जाऊन बघते तर माझ्याकडे एक बशी निघाली, त्यावर ‘तीन पायांची शर्यत, तृतीय’. मी आईला सांगत होते, मी त्यात धावलेच नाही, तर ती म्हणाली, दिलंय ना, गप्प बस. बशीत आमच्याकडे नैवेद्याचा गूळ-खोबरं असतं.

वाडीवाली

अगं देवा. तीन पायांची मी धावले होते. तू रविवारी येतेस का? वाटी देते, पण शिऱ्यानंतर. आईला नवीन माप शोधायला वेळ लागेल.