तालुक्याच्या वाचनालयात लोक यावेत म्हणून कोणते उपक्रम करावेत? (सल्ला हवा आहे)

कृष्णाकाठची

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाचं शासनमान्य सार्वजनिक वाचनालय आहे. गेल्या महिन्यात मी त्याच्या कार्यकारिणीवर निवडून आले. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या याच वाचनालयाच्या लाकडी जिन्यावर बसून काढल्या आहेत, त्यामुळे लोकांनी नाव सुचवलं तेव्हा लगेच हो म्हटलं. आता रोज संध्याकाळी तासभर तिथे बसते आणि रिकामा हॉल बघून वाईट वाटतं.

परिस्थिती अशी आहे. सकाळी आठ ते दहा वृत्तपत्र विभागात ज्येष्ठ मंडळी असतात. वरच्या मजल्यावरची अभ्यासिका स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींनी भरलेली असते, पण ती आपापली पुस्तकं घेऊन येतात, खालच्या कपाटांकडे कुणी वळत नाही. देवघेव विभागात दिवसाला वीस-पंचवीस सभासद, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. आणि बालविभागाच्या तिन्ही कपाटांना कुलूप आहे, कारण 'मुलं पुस्तकं फाडतात'.

कार्यक्रम होतात, नाही असं नाही. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, हिवाळ्यात तीन दिवसांची व्याख्यानमाला. त्या दिवशी हॉल भरतो. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तीच वीस-पंचवीस माणसं.

उपक्रमांसाठी वर्षाला १५ हजार रुपये आहेत. अनुदान पगार, पुस्तकखरेदी आणि वीजबिलात जातं. हॉलमध्ये ६० खुर्च्या आहेत, ग्रंथपाल धरून तीन कर्मचारी. एवढ्यात काय करता येईल? तुमच्या गावात प्रत्यक्ष चालू असलेलं काही असेल तर तेच सांगा. काय फसलं हेही सांगितलंत तर फार मदत होईल.

दाखलनोंद

ताई, सत्तावीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काम करून निवृत्त झालो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम, बालविभागाचं कुलूप काढा. बाकी सगळं नंतर. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन, त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच आहे की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. कर्मचाऱ्यांची भीती मात्र खोटी नसते. प्रत्येक पुस्तकाची नोंद दाखल नोंदवहीत असते, आणि पुस्तक हरवलं की त्याचा जबाब त्यांना द्यावा लागतो. म्हणून कार्यकारिणीत आधी ठराव करून घ्या, की बालविभागातली वर्षाला अमुक इतकी पुस्तकं फाटली-हरवली तर ती रीतसर निर्लेखित होतील, म्हणजे नोंदवहीतून कमी केली जातील, आणि कुणाच्याही पगारातून काही कापलं जाणार नाही. हा ठराव झाला की ग्रंथपाल स्वतः किल्ली काढून देतील. आमच्याकडे असंच झालं.

दुसरं, 'गोष्टींचा तास'. आम्ही तो शनिवारी संध्याकाळी पाचला ठेवला. पहिल्या आठवड्यात चार मुलं आली, त्यातली दोन आमच्या शिपायाची. दुसऱ्या आठवड्यात सहा. तिसऱ्या शनिवारी धो धो पाऊस होता, एकच मुलगी आली, तिच्यासाठी गोष्ट वाचली. त्या दिवशी आम्ही हॉल उघडलाच नसता तर उपक्रम तिथेच संपला असता, असं मला आजही वाटतं. 'शनिवारी पाचला वाचनालयात गोष्ट असते' हे गावाला पाठ व्हायला चार-पाच महिने लागतात. तोवर वार बदलू नका, वेळ बदलू नका, आणि कुणा पाहुण्याच्या सोयीसाठी पुढे ढकलू नका.

गोष्ट कोण वाचणार, तर तुमच्या सकाळच्या वृत्तपत्र विभागातले आजी-आजोबा. त्यांना विचारा. पहिल्यांदा नको म्हणतील. एकदा वाचलं की पुढच्या वेळी चष्मा पुसून वीस मिनिटं आधी येऊन बसतील.

खुर्च्या काढून सतरंजी घाला. पुस्तकं कण्याने उभी न लावता मुखपृष्ठ दिसेल अशी मांडा. मुलं चित्र बघून पुस्तक उचलतात. नवीन खरेदीला पैसे नसतील तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं आहेत, ती उतरवून छापायलाही परवानगी आहे. रंगीत छपाईला थोडा खर्च येईल, पण पुठ्ठा लावून शिवली तर छान टिकतात.

आमचं फसलेलं म्हणजे बक्षिसांची वाचनस्पर्धा. जास्तीत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस ठेवलं, तर मुलं पातळ पातळ पुस्तकं निवडून नेऊ लागली आणि न वाचता परत करू लागली. दुसऱ्या वर्षी बंद केली.

कृष्णाकाठची

सर, ठरावाची गोष्ट लाखमोलाची आहे. ग्रंथपालबाईंना मी मनातल्या मनात दोष देत होते. त्यांची बाजू कुणी विचारलीच नव्हती, मीही नाही.

झेडपी_बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ताई, गावातली मुलं येतील, पण वाड्या-वस्त्यांवरची कशी येणार? शाळा सुटली की ती थेट घरी जातात. त्यांच्यासाठी पुस्तकांनाच तिकडे पाठवा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं, त्यात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत जातात आणि काही काळाने गटागटांत अदलाबदल होते. त्याही आधी, शंभर वर्षांपूर्वी, बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या खेडोपाडी जायच्या. तुम्ही पत्र्याच्या दोन ट्रंकांपासून सुरुवात करा. एका ट्रंकेत तीस पुस्तकं, एक शाळा, एक महिना. नोंदवही मुलांकडेच द्या. आमच्या शाळेत पाचवीची एक मुलगी ही वही सांभाळते. एका वर्षात दोन पुस्तकं गेली, त्यातलं एक पावसात भिजलं.

आणि तुम्ही सातारा जिल्ह्यातल्याच, तर भिलारला मुलांची सहल न्याच. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या राहत्या घरांत वेगवेगळ्या विषयांची पुस्तकं मांडलेली आहेत आणि कुणीही जाऊन वाचत बसावं. आमची मुलं एका घराच्या ओसरीवर दीड तास बसली होती. परत निघताना हाका मारून उठवावं लागलं.

वरच्यामजल्यावरून

मी अशाच एका तालुक्याच्या अभ्यासिकेत तीन वर्षं बसतोय, म्हणून आमच्या बाजूने लिहितो. मुलांचे कार्यक्रम सुरू झाले की अभ्यासिकेतून तक्रारी येणार, हे आधीच धरून चाला. आमच्याकडे आल्या आणि त्यावरून मोठा वाद झाला. कृपया आम्हाला शत्रू समजू नका. घरी एका खोलीत पाच माणसं राहतात, म्हणून आम्ही तिथे असतो. ती शांतता आम्हाला दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

आमच्याकडे तोडगा निघाला तो वेळेचा. साडेपाच ते साडेसहा बरेचजण चहाला, फिरायला बाहेर पडतात. मुलांचा तास त्या वेळेत आणला, जिन्याचं दार लावायला सुरुवात केली आणि तक्रारी संपल्या.

दुसरं म्हणजे, आमच्याकडून काम करून घ्या. कुणी विचारत नाही म्हणून आम्ही खाली येत नाही. आमच्यातले सहाजण आता रविवारी सकाळी दोन तास मदत-टेबल चालवतात. ऑनलाइन सातबारा काढणं, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणं, बँकेचं पत्र वाचून सांगणं. पहिल्या रविवारी एक आजोबा पीकविम्याचा कागद घेऊन आले. शंभर रुपये देऊन दुसऱ्याकडून भरून घेतलेल्या अर्जात त्यांचा गट क्रमांकच चुकलेला होता. अशी माणसं मग वाचनालयात रुळतात. एकच नियम पाळतो: कुणाचा पासवर्ड किंवा ओटीपी लिहून ठेवायचा नाही, आणि पैसे घ्यायचे नाहीत.

भिशीवाली

आमच्या वाचनालयातली पुस्तक भिशी सांगते. आम्ही बाराजणी आहोत, महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये काढतो. चिठ्ठीत जिचं नाव येईल तिने त्या बाराशेंची स्वतःच्या आवडीची पुस्तकं आणायची. ती पुस्तकं महिनाभर सगळ्यांत फिरतात, मग तिच्या घरी जातात. वाचून झालेली पुष्कळशी बायका आपणहून वाचनालयाला देतात. दुपारी तीनला भेटतो, कारण त्या वेळी स्वयंपाकघर मोकळं असतं. संध्याकाळची वेळ ठेवाल तर कुणी येणार नाही, हे अगदी खात्रीने सांगते.

चर्चा वगैरे शब्द वापरू नका, बायका बिचकतात. आम्ही फक्त एवढंच विचारतो, 'यातलं तुला काय आठवतं?' आमच्यात सातवीपर्यंत शिकलेली एक मैत्रीण आहे. पहिले चार महिने ती गप्प होती. पाचव्या महिन्यात एका आत्मचरित्राबद्दल अर्धा तास बोलली, आणि आम्हाला तिच्या माहेरच्या दुष्काळाची गोष्ट पहिल्यांदा कळली. तिच्याशेजारी मी अकरा वर्षं राहते.

दिवाळी अंकांसाठी वेगळी योजना करा. ठरावीक रक्कम भरून सगळे अंक वाचायला मिळतात म्हटल्यावर नवे सभासद येतात. त्यातले निम्मे जरी पुढे टिकले तरी खूप झालं.

ऐकणारा

मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो त्यावर हा धागा वाचतोय. तुमच्या सकाळच्या वृत्तपत्र विभागात मोतीबिंदू झालेले, चष्म्याचा नंबर वाढलेले, मथळ्यांपुरतंच वाचणारे कितीतरी असतील. ते सांगत नाहीत. आठवड्यातून एक दिवस कुणीतरी अग्रलेख आणि एखादी मोठी बातमी स्पष्ट आवाजात वाचून दाखवली तर ते तुमचे सगळ्यात नियमित श्रोते होतील. घाई न करता वाचणारा माणूस निवडा.

तालुक्यात अंध वाचक असतील तर त्यांना 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयाची माहिती द्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने आमच्यासाठी सुलभ स्वरूपात पुस्तक तयार करायला मुभा दिली आहे. त्यामुळे तुमच्या अभ्यासिकेतल्या एखाद्या मुलीने आमच्यासारख्या वाचकासाठी पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित केलं, तर ते पुण्याचंच नव्हे, कायद्यात बसणारंही काम आहे. मी बारावीची परीक्षा अशाच एका ताईच्या आवाजावर दिली.

पर्वतीपायथा

एक वेगळं मत. व्याख्यानमाला कमी लेखू नका. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, ती अजून चालू आहे. दोष व्याख्यानाचा नसतो, वक्त्याच्या निवडीचा असतो. बाहेरून मानधन देऊन नामवंत आणण्यापेक्षा तुमच्याच तालुक्यातला विहिरी खणणारा, मधमाश्या पाळणारा, जुनी मोडी कागदपत्रं वाचणारा माणूस बोलवा. आणि त्या विषयावरची वाचनालयातली दहा पुस्तकं दाराशी टेबलावर ठेवा, तिथल्या तिथे घरी नेता येतील अशी. आमच्याकडे मोडीच्या भाषणानंतर लोक घरातली जुनी कागदपत्रं घेऊन आले, त्यातून मोडीचा वर्ग सुरू झाला.

न्यूजर्सीची_आई

इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात लहान मुलांचा गोष्टींचा तास आठवड्यातून दोन-तीनदा असतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं वाचलेल्या पुस्तकांची यादी भरून आणतात. दाखलनोंद सरांच्या स्पर्धेबद्दल वाचलं म्हणून लिहिते. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. मूल स्वतः ठरवतं तेवढं वाचतं, आणि ते पूर्ण केलं की प्रत्येकाला सारखंच छोटंसं काहीतरी मिळतं. माझा मुलगा इंग्रजी वाचायला टाळाटाळ करायचा, त्याला याचा उपयोग झाला. मराठी गोष्टी मात्र मला घरीच वाचाव्या लागतात. तुमच्या शनिवारच्या गोष्टीचं ध्वनिमुद्रण केलंत तर आम्ही इथे आवडीने ऐकू.

कृष्णाकाठची

पाच महिन्यांनी परत लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

ठराव पहिल्या बैठकीत अडला, दुसऱ्या बैठकीत मंजूर झाला. कुलूप ग्रंथपालबाईंनी स्वतःच्या हाताने काढलं आणि त्याच दुपारी तिन्ही कपाटं पुसून घेतली. शनिवारचा तास साडेपाचला ठेवला. पहिल्या आठवड्यात सात मुलं, मग पाच, मग नऊ. गेल्या शनिवारी चौतीस होती आणि सतरंजी अपुरी पडली. निवृत्त पोस्टमन असलेले एक आजोबा आता ठरलेले वाचक आहेत, ते प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देतात. फाटलेली पुस्तकं चार. त्यातली तीन मुलांनीच खळ लावून चिकटवली.

पुस्तक भिशीला नऊजणी जमल्या, दुपारी तीनलाच. दोन ट्रंका दोन वाड्यांवरच्या शाळांत गेल्या आहेत. मदत-टेबल अजून नीट बसलेलं नाही. परीक्षा जवळ आल्या की मुलं येत नाहीत, आणि त्यांना आग्रह करणं मला बरोबर वाटत नाही. जानेवारीपासून पुन्हा बघू. सकाळचं वृत्तपत्रवाचन मंगळवारी असतं. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी सांगितलं की दोन वर्षं ते नुसती पानं उलटत होते. घरी कुणाला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

आतापर्यंत खर्च सहा हजार चारशे झाला, त्यात सगळ्यात मोठा खर्च ट्रंका आणि छपाईचा. उरलेल्यातून भिलारची सहल न्यायची आहे, एसटी आगारात चौकशी केली आहे.

न्यूजर्सीच्या ताई, पोस्टमन आजोबा ध्वनिमुद्रणाला तयार आहेत. ज्यांच्या गोष्टी आहेत त्यांची परवानगी लागेल, म्हणून सुरुवात ते त्यांच्या आईकडून ऐकलेल्या गोष्टींनी करणार आहेत. पहिल्या दोन झाल्या की इथेच कळवते.