एकच शिलाई मशीन, गोधडी पण आणि अल्टरेशन पण... कुठलं घेऊ?

दोन आठवडे झाले नुसते व्हिडिओ बघतेय आणि जितकं बघावं तितका गोंधळ वाढतोय, म्हणून शेवटी विचारतेय. कामं दोनच आहेत. घरातल्यांच्या कपड्यांचं अल्टरेशन, म्हणजे पँटची उंची कमी कर, शर्टाचं फिटिंग कर, चेन बदल असलं सगळं, आणि तुकडे जोडून गोधड्या, म्हणजे वरचं कापड, मधे बॅटिंग (मऊ भरण), खाली अस्तर असे तीन थर.

सध्याचं मशीन भेट मिळालेलं, हलकं प्लास्टिकचं, कंपनीचं नाव घेत नाही. साध्या सुती कापडावर टीप छान येते. पण जीन्सच्या मोहरीला जाड शिवण आडवी आली की आठ-दहा पदर होतात, कापड दाबून धरणारं फूट त्यावर चढताना तिरकं होतं आणि मशीन जागच्या जागी गुरगुरत टाके सोडतं, मग मी हाताने चाक फिरवत एकेक टाका घालत बसते. (फुटाच्या मागे जीन्सचाच घडी केलेला तुकडा सरकवला की फूट सपाट राहतं हे फार उशिरा कळलं, आणि १००/१६ ची सुई लावल्यावर बराच फरक पडला.)

गोधडीचं दुखणं वेगळंच. खालचे दाते अस्तर पुढे नेतात आणि वरचं कापड फुटाखाली रेंगाळतं, टीप संपेपर्यंत वरचं दोन बोटं जास्त उरलेलं असतं, ते उसवताना रडू येतं अक्षरशः. वॉकिंग फूट (वरचं कापडही खालच्याबरोबर पुढे नेणारं फूट) लावा म्हणतात, माझ्या मशीनला बसेल असं मिळालंच नाही.

आता खरी अडचण. सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतची जागा साध्या घरगुती मशीनला सहा-सात इंच असते, आणि ६० इंची गोधडीच्या मधोमध टीप मारायची तर ३० इंचांची गुंडाळी त्यातून घालायची! ९ ते ११ इंच जागेची क्विल्टिंगची (गोधडीचे थर एकत्र टिपायची) मशीनं असतात, पण जुकी टीएल-२०१०क्यू सारखी घेतली तर ती फक्त सरळ टीप मारते, झिगझॅग नाही, आणि फ्री आर्मही (बाही-मोहरी ज्यावर चढवून शिवता येते तो अरुंद मोकळा भाग) नाही. मग टीशर्टचं काय, काजांचं काय? तडजोड कशात करू, जागेत की टाक्यांत? २०० डिझाईनचे टाके मला नकोत, सरळ, झिगझॅग, काज आणि एखादा स्ट्रेच टाका मिळाला की झालं.

प्रतिसाद: ताई, जागेत तडजोड करा. मी दोन्ही कामं एकाच झिगझॅगवाल्या मशीनवर करते. गोधडी चार भागांत क्विल्ट करून नंतर जोडता येते, पण मशीनला झिगझॅगच नसेल तर तो आणणार कुठून? फ्री आर्म मात्र सोडू नका, मोहरी आणि लहान मुलांच्या बाह्या त्याशिवाय फार छळतात. दाते खाली घेता येतात का आणि फुटाचा दाब कमी-जास्त होतो का तेही बघा, आणि वॉकिंग फूट आधी हातात घेऊन, बसवून मगच पैसे द्या.

आणि बघायला जाताना चिंध्या आपल्या न्या. तिथे दाखवायला कडक कापड असतं, त्यावर कुठलंही मशीन देखणी टीप मारतं. तुम्ही जीन्सची कापलेली मोहरी, तीन थरांचा तुकडा आणि टीशर्टची पट्टी द्या, आणि पेडल अगदी हलकं दाबून सावकाश चालवा. वेगात असताना बहुतेक मशीनं जाडावरून जातात, कमी वेगात अडतं की नाही ते खरं.

पाव इंचाचं फूट (शिवण नेमकी पाव इंचावर ठेवणारं) पण घ्याच. पाव इंच म्हणजे दोन सूत, त्यात अर्धं सूत जास्त धरलं की दोन्ही तुकडे मिळून प्रत्येक जोडाला एक सूत कापड खाल्लं जातं, आठ जोडांत अख्खा इंच गायब, मग कोपरे जुळत नाहीत आणि आपण मशीनला शिव्या घालतो.

धागाकर्ती: अय्या, चार भागांचं डोक्यातच आलं नव्हतं! चिंध्यांची पिशवी भरून ठेवली. फक्त एक सांगा, चार भाग जोडल्यावर मागच्या बाजूने तो जोड टोचतो का, की त्यावर पट्टी लावता?