वडिलांच्या परवान्यावरची बंदूक मुलाने वापरावी का, आणि घरात ती कुठे ठेवावी?

घोडबंदरवासी

नमस्कार मंडळी. माझे वडील ७३ वर्षांचे आहेत. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या शेतीसाठी त्यांनी १९९१ साली बारा बोअरची दुनळी बंदूक घेतली. परवाना त्यांच्याच नावावर असून त्याचे नूतनीकरण आजपर्यंत एकदाही चुकलेले नाही. गेल्या वर्षी आई गेली आणि बाबा ठाणे शहरातल्या कासारवडवलीला आमच्याकडे राहायला आले; त्यांच्या सामानाबरोबर बंदूकही आली.

सध्या ती कॅनव्हासच्या खोळीत, माझ्या पत्नीच्या साड्यांमागे गोदरेजच्या कपाटात उभी असते. काडतुसे त्याच कपाटाच्या लॉकरमध्ये, आईच्या दागिन्यांशेजारी आहेत. कपाटाची चावी देवघरामागच्या खिळ्याला असते आणि ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दर शनिवारी मी शेतावर मुक्कामाला जातो. रानडुकरांनी या वर्षी भुईमुगाची पार नासाडी केली, तेव्हा बाबा म्हणाले, "तू घेऊन जा, परवाना आपल्याच घरातला आहे." ऐरोलीला राहणाऱ्या दादाचे म्हणणे असे की बंदूक सहा महिने त्याच्याकडे आणि सहा महिने माझ्याकडे ठेवावी, म्हणजे दोघांचाही मान राहील.

हे लिहायला बसण्याचे खरे कारण वेगळे आहे. दिवाळीच्या साफसफाईत माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने उन्हात टाकायला साड्या बाहेर काढल्या, त्यांच्याबरोबर ती खोळही पलंगावर आणून ठेवली आणि बंदावर हात ठेवून विचारले, "आजोबा, हे उघडू का?" माझा नऊ वर्षांचा मुलगा तिच्या शेजारीच उभा होता. बंदूक रिकामी होती, तरीही मला त्या रात्री झोप लागली नाही. एक शस्त्र दोघांनी वापरणे कायद्यात बसते का आणि ते घरात ठेवायचे कसे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना लिपिक

साहेब, मी बरीच वर्षे शस्त्र परवान्यांच्या कागदांतच काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नये. परवाना घराला मिळत नाही, कुटुंबाला मिळत नाही आणि बंदुकीलाही मिळत नाही. तो एका व्यक्तीला मिळतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे बंदूक जवळ बाळगणाऱ्या माणसाकडे स्वतःचा परवाना असावा लागतो. बाबा ठाण्यात आणि बंदूक तुमच्या हातात मुरबाडला, अशा स्थितीत तुम्ही विनापरवाना शस्त्र बाळगणारे ठरता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला कलम २५ खाली कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आणि शिवाय दंड आहे. ज्याला शस्त्र बाळगण्याचा हक्क नाही त्याच्या हाती ते दिल्याबद्दल बाबांवर कलम २९ येऊ शकते आणि परवान्याची अट मोडल्याबद्दल कलम ३० तर आहेच. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला या वयात पोलीस ठाण्याची पायरी चढायला लागू नये, एवढ्याचसाठी हे सगळे सविस्तर लिहितो आहे.

कलम ३ मध्ये एक सवलत आहे आणि तिचाच लोक चुकीचा अर्थ लावतात. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती ते शस्त्र नेऊ शकते; मात्र ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठीच नेता येते. म्हणजे बाबांचे पत्र आणि मूळ परवाना घेऊन तुम्ही बंदूक गनस्मिथकडे नेऊ शकता, किंवा बाबा बरोबर असताना त्यांच्यासाठी ती खांद्यावर घेऊ शकता. शेतावर एकट्याने राखण करायला त्या पत्राचा काहीही उपयोग नाही.

दादांची सहा-सहा महिन्यांची वाटणी तर मुळीच करू नका. मुरबाड जिल्हाधिकाऱ्यांकडे, कासारवडवली ठाणे पोलीस आयुक्तांकडे आणि ऐरोली नवी मुंबई पोलीस आयुक्तांकडे येते. तीन ठिकाणी तीन वेगवेगळे परवाना अधिकारी आहेत. बाबा कायमचे ठाण्यात आले असतील तर पत्त्यातला बदल परवान्यावर नोंदवून घेणे हेच तुमचे पहिले काम आहे, आणि ते बहुधा राहून गेले असावे.

रीतसर मार्ग मात्र आहे. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ प्रमाणे परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून तो आपल्या कायदेशीर वारसाचे नाव सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवाना देता येतो. बाबांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी पूर्ण झाल्या आहेत. अर्ज तुमच्या नावाने होईल, पोलीस पडताळणी तुमची होईल आणि निर्णय परवाना अधिकाऱ्याचा राहील. दादांची ना-हरकत लेखी घेऊन ठेवा, कारण अशा कामांत भावाभावांतला अबोलाच फाईल अडवतो. परवाना तुमच्या नावे झाला की मग बाबांनी ती बंदूक वापरायची नाही, हेही त्यांना आधीच सांगा; मालकी पुढे जाते, दोघांत वाटली जात नाही.

कोर्टनाका

वरील उत्तर योग्य आहे. एका मुद्द्याची भर घालते, कारण आमच्याकडे येणारी माणसे नेमकी तिथेच गाफील असतात. 'ताबा' म्हणजे हातात धरलेली वस्तू एवढाच अर्थ न्यायालय घेत नाही. गुणवंतलाल विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे की शस्त्र आहे याची जाणीव आणि त्यावर नियंत्रण असेल तर ते प्रत्यक्ष हातात नसतानाही ताबा ठरू शकतो. तुमच्या कपाटाची चावी सर्वांना माहीत असलेल्या खिळ्याला आहे आणि कपाट तुमच्या पत्नीच्या रोजच्या वापरातले आहे. उद्या काही विपरीत घडले तर तपासात पहिला प्रश्न त्या चावीबद्दलच विचारला जाईल. बंदूक वाटून वापरायची की नाही हे तुम्ही आज विचारता आहात, पण त्या खिळ्याने ती केव्हाच घरभर वाटून टाकली आहे.

रानडुकरांबद्दलही सांगते. परवाना असला तरी रानडुक्कर मारण्याची मुभा त्यातून मिळत नाही. तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चा विषय आहे आणि वन विभागाच्या परवानगीविना त्या वाटेला जाऊ नये. नुकसानीचा पंचनामा करून भरपाईसाठी अर्ज करावा.

नेरुळची नेमबाज

मी आणि माझे यजमान दोघेही नेमबाजी करतो, त्यामुळे 'दोघांत एक' हा प्रश्न आमच्याही घरात आला होता. आम्ही दोन स्वतंत्र परवाने घेतले, दोन स्वतंत्र तिजोऱ्या बसवल्या आणि एकमेकांच्या तिजोरीचा आकडा एकमेकांना सांगितलेला नाही. पाहुण्यांना हे विचित्र वाटते, पण आमच्यात त्यावरून कधी कुरबूर झाली नाही.

आता तुमच्या बंदुकीविषयी. दुनळीची सोय अशी की ती सहज सुटी होते. आधी नळ्या उघडणारी कळ (चाप नव्हे) सरकवून ती मोडायची, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडायची, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून मागच्या बाजूने आरपार पाहायच्या आणि करंगळी घालून काडतूस नसल्याची खात्री करायची. डोळ्यांनी पाहिले तरी बोटानेही पाहायचे. मग नळ्यांखालची लाकडी पकड काढली की नळ्या आणि दस्ता वेगळे होतात. हे सुटे भाग भिंतीला आतून बोल्ट मारलेल्या पोलादी पेटीत ठेवावेत. काडतुसे दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात ठेवावीत आणि दोन्ही चाव्या परवानाधारकाच्या अंगावर असाव्यात. परवान्याच्या अर्जासोबत सुरक्षित साठवणुकीची हमी लिहून द्यावी लागते. ती हमी प्रत्यक्षात अशी दिसते. साड्यांचे कपाट त्यासाठी चालणार नाही, कारण ते दिवसातून चार वेळा उघडते.

कॅनव्हासची खोळ मात्र आजच काढून टाका. घोडबंदर काय किंवा नेरुळ काय, खाडीकाठची दमट हवा कापडात आणि चामड्यात मुरते आणि पावसाळ्यात नळीवर तांबूस ठिपके उमटतात. मी एकदा चामड्याच्या पट्ट्यात ठेवलेली काडतुसे सप्टेंबरमध्ये काढली, तर पितळेवर हिरवी बुरशीसारखी कळा आली होती. अशी काडतुसे वापरू नयेत. नळीला आतून-बाहेरून तेलाचा हलका हात द्यावा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा मुले शाळेत असताना बाबांनी स्वतः उघडून पाहावे.

तुमच्या लेकीला रागावू नका. तिने विचारले, हे फार चांगले झाले. तिला एकदा समोर बसवून 'हे दिसले तर हात लावायचा नाही, खोलीबाहेर जायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे' एवढेच शिकवा, आणि धाकट्यालाही तिच्या शेजारी बसवा.

जुना लिपिक

एक राहिले. पेटी बसेपर्यंत बंदूक घरात नको असेल तर शस्त्रे जमा ठेवून घेण्याची परवानगी असलेल्या विक्रेत्याकडे ती ठेवता येते. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या दोन्ही तपासून घ्या. आणि हे लिहिताना वाईट वाटते, पण लिहायला हवे: परवानाधारक गेल्यानंतर 'दिवस होऊ द्या, मग बघू' असे करून चालत नाही. कलम २१ प्रमाणे वारसांना विनाविलंब शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. नियम २५ चा अर्ज बाबा हयात असताना करण्यात शहाणपण आहे ते यासाठीच.

घोडबंदरवासी

सर्वांचे मनापासून आभार. काल दादा आणि वहिनी आले होते. मी सर्व उत्तरे बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. कोर्टनाका ताईंचे खिळ्याबद्दलचे वाक्य ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी स्वतः उठून बंदूक मोडली, दोन्ही नळ्यांतून खिडकीकडे पाहिले, करंगळी घातली आणि दादाला म्हणाले, "सही कुठे करायची ते सांग." दादाने ना-हरकत लिहून दिली. पत्ताबदलाचा अर्ज सोमवारी देत आहोत, नियम २५ चे कागद त्यामागोमाग जातील. बंदूक तोपर्यंत विक्रेत्याकडे जमा राहील. बाबा स्वतः बरोबर येणार आहेत. पेटीसाठी बाबांच्या खोलीतली भिंत ठरली असून तिची चावी, परवाना त्यांच्या नावावर आहे तोवर, त्यांच्या करगोट्याला राहील. या शनिवारी मी शेतावर बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन गेलो होतो. पंचनाम्यासाठी तलाठ्यांना सांगून आलो आहे.