मदत हवी आहे: गुजराती माध्यमातून थेट सातवीत, दिवाळीपर्यंत काय काय शिकवतात?

तापीकाठचा

नमस्कार मंडळी. एरवी वाचून गुपचूप निघून जाणारा माणूस आहे मी, पण या खेपेला विचारायची वेळ आली.

सुरतेत चौदा वर्षं काढून मे महिन्यात आम्ही शिरपूर तालुक्यात गावी परत आलो. वडिलांच्याने आता शेत होत नाही. मुलगी बारा वर्षांची. तिकडे पहिलीपासून गुजराती माध्यम, सहावी पास, अभ्यासात चांगली. इथे सातवीत नाव घातलं, मराठी माध्यम. घरात अहिराणी बोलतो, म्हणून वाटलं होतं की मराठीचं काय, येऊन जाईल. तिथेच फसलो. बोलायला अडत नाही तिचं, पण पुस्तकातलं वाक्य वाचायला घेतलं की तिसऱ्या शब्दाला गाडी थांबते.

लिहिताना अक्षरांवर रेघ देत नाही. गुजरातीत नसतेच. मग पानभर लिहून झालं की पट्टी ठेवून सगळ्या ओळींवर एकदम रेघा ओढते. रेघ शब्दाशब्दाला तुटायला हवी ना, ती तुटत नाही. बाईंनी वहीवर लाल शेरा मारून पाठवली.

गणिताची वेगळीच गंमत. गृहपाठात 'मसावि काढा' आलं. ती माझ्या तोंडाकडे बघते, मी तिच्या. मी बारावी झालोय, पण त्याला पंचवीस वर्षं होत आली. शेवटी सोडवलेलं उदाहरण बघून तीच म्हणाली, 'पप्पा, आ तो गुसाअ छे!' आणि पाच मिनिटांत सगळी गणितं करून मोकळी. म्हणजे येतंय, पण नाव माहीत नाही. असं किती ठिकाणी असेल?

इतिहासाचं मात्र काळजीचं आहे. पुस्तक उघडलं तर पूर्ण शिवकाळ आणि पुढे मराठेशाही. वर्गातल्या पोरांनी हे सगळं चौथीत एकदा वाचलेलं आहे, हिला अफजलखान कोण हेही धड ठाऊक नाही. त्यात कुणीतरी चिडवलं, 'तुझी सुरत आमच्या महाराजांनी लुटली.' घरी येऊन मला विचारते, का लुटली? मी आपलं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं तर मलाही नीट सांगता आलं नसतं.

शाळेतून एकाने सुचवलं की एक वर्ष सहावीत बसवा, पाया पक्का होईल. आमची आई म्हणते, पोर हुशार शे, कशाला मागे टाकतोस.

तर विचारायचं ते असं. पहिल्या सत्रात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, सातवीला कोणत्या विषयात काय काय होतं? त्यातलं कशाकडे आधी बघू आणि काय सोडून देऊ? सहावीचं अख्खं पुस्तक घरी करून घ्यावं का? आणि परीक्षेला किती मार्क असतात? कापूस वेचणीला आला की मला वेळ मिळणार नाही, म्हणजे जे काय करायचं ते सप्टेंबरपर्यंतच.

खडू_फळा

भाऊ, मी जळगाव जिल्ह्यात सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी सहावीत बसवण्याचं. मुळीच बसवू नका. तिकडची सहावी पूर्ण झाल्याचं दाखल्यावर आहे ना? मग वय आणि इयत्ता दोन्ही जुळतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, त्यात वयानुरूप वर्गात प्रवेश हाच नियम आहे. दाखला यायला उशीर झाला तरी त्यासाठी प्रवेश अडवता येत नाही.

गणिताच्या पुस्तकाचे दोनच विभाग आहेत आणि पहिला विभाग म्हणजेच जवळपास तुमचं पहिलं सत्र. भौमितिक रचना, पूर्णांक संख्यांचा गुणाकार-भागाकार, मसावि-लसावि, कोन व कोनांच्या जोड्या, परिमेय संख्या, घातांक, जोडस्तंभालेख, बैजिक राशी. समप्रमाण-व्यस्तप्रमाण, सरळव्याज, पायथागोरस वगैरे दिवाळीनंतर. तुमची मुलगी ज्याला गुसाअ म्हणते तो गुरुत्तम सामान्य अवयव, आमचा तो महत्तम सामाईक विभाजक. तिचा लसाअ आमचा लसावि. परिमेय संख्येला गुजरातीत संमेय म्हणतात. एक वही करा, मधोमध रेघ, डावीकडे तिचा शब्द, उजवीकडे आपला. शब्द तिलाच शोधू द्या. तुम्ही शोधून दिलेत तर ती वही नुसती पडून राहील.

त्या विभागात मला भीती वाटते ती दोनच ठिकाणी: पूर्णांकांच्या चिन्हांची आणि बैजिक राशींची. ऋण गुणिले ऋण धन का, हे आमच्याकडे पहिलीपासून शिकलेल्यांनाही सांगता येत नाही. तिथे रोज चार-पाच गणितं करून घ्या. बाकी तिचं ती बघेल.

विज्ञानात पहिल्या सत्रात वनस्पतींची रचना, पोषण, अन्नपदार्थांची सुरक्षा, मापन, गती-बल-कार्य असं येतं. घरी शेत आहे म्हणताय, मग सोटमूळ आणि तंतुमूळ दाखवायला कपाशीचं एक रोप आणि ज्वारीचं एक रोप उपटून आणलं की झालं. भूगोलात भरती-ओहोटी, हवेचा दाब, वारे. समुद्र न पाहिलेल्या आमच्या पोरांना भरती-ओहोटी शिकवताना घाम फुटतो. तुमच्या मुलीने सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर पाणी मागे गेलेलं पाहिलं असेल तर वर्गात तिलाच सांगू द्या.

मार्कांचं: सातवी-आठवीला आकारिक, म्हणजे सत्रभराच्या कामाचे, ४० आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, ६०, प्रत्येक सत्राला. त्या चाळीसमध्ये तोंडी काम, प्रकल्प, प्रात्यक्षिक, उपक्रम हे सगळं धरतात. लेखी मराठी कच्ची असली तरी तोंडी आणि प्रात्यक्षिकात ती मार्क काढू शकते, हे वर्गशिक्षकांच्या कानावर घाला.

सहावीचं अख्खं पुस्तक नको. त्यातले फक्त पूर्णांक, अपूर्णांकांवरील क्रिया आणि समीकरणे हे तीन धडे.

रावेरची_ताई

मी वेगळं सांगते. शाळेत सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, असेल तर आताच सेमीला घाला. नाहीतरी तिला गणित-विज्ञानाचे सगळे शब्द नव्यानेच शिकायचेत. मग मसावि शिकून पुढे अकरावीत पुन्हा इंग्रजी शब्द शिकण्यापेक्षा एकदाच शिकलेले बरे. माझ्या मुलाला आठवीत बदललं तेव्हा फार जड गेलं.

खडू_फळा

ताई, एरवी तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं. पण या पोरीला लिपी बदलली, गाव बदललं, मैत्रिणी बदलल्या. आता आणखी एक बदल नको. पुढच्या जूनमध्ये बघता येईल.

रावेरची_ताई

पुढच्या जूनमध्ये आठवी असेल हो सर! म्हणजे माझ्या मुलाचंच झालं की.

जुना_सभासद

शोध घेतला असता तर या विषयावर आधीचे धागे सापडले असते.

थाळनेरकर

जुन्या सभासदांनी एखादा दुवा दिला असता तर बरं झालं असतं.

माझा विषय इतिहास, म्हणून तेवढंच बोलतो. तुमच्या मुलीला चौथीचं 'परिसर अभ्यास भाग २' आणून द्या. त्यात शिवछत्रपतींचं चरित्र नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी सोप्या, छोट्या वाक्यांत आहे. म्हणजे राहिलेला इतिहासही भरून निघतो आणि तिला झेपेल अशी मराठीही वाचायला मिळते. एका पुस्तकात दोन कामं. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, पण तिला छापील द्या. गावात कुणाच्या तरी माळ्यावर सापडेलच. रोज दोन पानं, मोठ्याने. शाळेत सातवीचं 'स्वराज्यस्थापना' यायच्या आत चौथीचं पुस्तक संपायला हवं.

सुरतेबद्दल तिला सरळ सांगा. शायिस्तेखान १६६० पासून तीन वर्षं पुण्यात तळ देऊन बसला होता, मुलूख उजाड झाला होता. ते नुकसान भरून काढायला मुघलांचं सगळ्यात श्रीमंत बंदर निवडलं, जानेवारी १६६४ मध्ये. १६७० ला पुन्हा गेले. लूट झाली ती मुख्यतः तिथल्या बड्या व्यापाऱ्यांची. आणि चिडवणाऱ्या पोरांना तिने उलट विचारावं, की तेव्हा आपला खानदेश कुणाकडे होता? तोही मुघलांचाच सुभा होता. मग बघा, एकेकाचा आवाज बंद होतो.

जमलं तर एखाद्या रविवारी तिला थाळनेरला घेऊन या. किल्ल्याचं फारसं काही उरलेलं नाही, पण खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी तीच, आणि तुमच्यापासून लांब नाही.

तापीकाठचा

सगळ्यांचे आभार. इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

चौथीचं पुस्तक शेजारच्या घरी मिळालं, मागचं पान फाटलेलं आहे फक्त. काल रात्रीपासून सुरू केलं. ती आईला वाचून दाखवते. आईला वाचता येत नाही, पण अडखळली की आई गोष्ट पुढे सांगून टाकते, तीही अहिराणीत. मग ही चिडते, 'आजी, थांब ना, माले वाचू दे.' पहिल्या दिवशी दोन पानांना पाऊण तास लागला.

दोन रकान्यांची वही केली. तेरा शब्द झालेत, त्यातले नऊ तिने शोधले.

सहावीचं शाळेत स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. दाखला दाखवला, पुढे कुणी विषय काढला नाही. तोंडी कामाचं शनिवारी वर्गशिक्षकांशी बोलतो. सेमीचं मात्र अजून ठरत नाही, ताईंचंही पटतंय आणि सरांचंही. शाळेत सातवीला सेमी आहे का तेच आधी विचारतो.

ती डुमसला तीन-चारदा गेलेली आहे. पाणी इतकं मागे जातं की चालून चालून पाय दुखतात, असं सांगत होती. भूगोलाच्या सरांना निरोप देतो.

सर, ऋण गुणिले ऋण धन का, हे तुम्ही तुमच्या वर्गात कसं सांगता ते लिहाल का? काल तिने विचारलं आणि मी पुन्हा वेळ मारून नेली.