मदत हवी आहे: भरलेली ट्रॉली ओढताना रेस वाढते, ट्रॅक्टर पुढे सरकत नाही. क्लच की गिअरबॉक्स?

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. राहायला गोराई गावात. (हो, ही मुंबईच, आणि इथे ट्रॅक्टरही आहेत.) सेकंडहँड घेतलेला, चाळीसेक एचपीचा, डबल क्लच (चाकांना एक प्लेट, मागच्या अवजाराला दुसरी), 8 पुढचे 2 मागचे गिअर. पावसाळ्यात भातखाचरात चिखलणी आणि बाकी वर्षभर ट्रॉलीने विटा, खडी, रेती.

त्रास असा. सकाळी थंड असताना ठीक चालतो. दोन फेऱ्या झाल्या की उत्तनच्या बाजूच्या चढाला भरलेली ट्रॉली असली की इंजिनची रेस वाढते, पण वेग तेवढाच राहतो, कधीकधी कमीच होतो. खालचा गिअर टाकला की कसाबसा चढतो. करपल्यासारखा वास येतो. रिकाम्या ट्रॉलीला काही नाही. गंमत म्हणजे रोटाव्हेटर लावला की तो व्यवस्थित फिरतो.

एका मेस्त्रीने सांगितलं क्लच प्लेट गेली. दुसरा म्हणतो गिअरबॉक्स स्लिप मारतोय, पूर्ण खोलावा लागेल. इथे ट्रॅक्टरचा मेस्त्री म्हणजे वसई किंवा वाड्याहून बोलवायचा. बोरिवलीहून लाँचने माणूस आणि पान्यांची पिशवी येते, पण चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळी-कप्पी) नि घोडे (ट्रॅक्टर टेकवायचे लोखंडी स्टँड) भाईंदरवरून रस्त्यानेच आणावे लागतात. म्हणून एकदाच खोलायचा आहे. खोलण्याआधी घरी काय काय तपासता येईल?

भातखाचर

आधी साधी गोष्ट. चढावर मागची चाकं जागेवर फिरतात का? रेतीच्या रस्त्यावर टायर झिजलेले असले तर क्लचला उगाच शिव्या बसतात. कुणाला तरी बाजूने चालत चाकाकडे बघायला सांगा. चाक फिरतंय पण ट्रॅक्टर सरकत नाही, तर टायर. इंजिन ओरडतंय पण चाकच हळू, तर पुढे बोला.

खाडीपलीकडचा

पुतण्याला चालवलं बाजूने. चाक हळूच फिरतं, घसरत नाही. टायर गेल्या वर्षीचेच आहेत.

जुना फिटर (वाडा)

मग गिअरबॉक्स डोक्यातून काढून टाका. आपल्याकडच्या साध्या मेकॅनिकल गिअरबॉक्समध्ये दात दाताला अडकलेला असतो, तो थोडाथोडा घसरू शकत नाही. बिघडला तर गिअर निसटून न्यूट्रल होतो, लिव्हर हाताला उडी मारते, नाहीतर खडखड आवाज येतो. तापल्यावर हळूहळू घसरणारा गिअरबॉक्स असतो, पण तो तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लच-पॅकचा (एकावर एक पातळ प्लेटांचा), तुमच्याकडे तसला नाही. तुमची लक्षणं क्लचचीच. आणि रोटाव्हेटर नीट फिरतोय म्हणजे पीटीओची (मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टची) प्लेट पकडतेय, चाकांकडे जाणारी मेन प्लेट सोडतेय. रोटाव्हेटर घसरला आणि ट्रॉली नीट ओढली असती तर उलट.

आता क्रमाने करा, उगाच पाना उचलू नका.

पेडल हाताने दाबून बघा. सुरुवातीचा मोकळा खेळ असतो ना, साधारण 20 ते 30 मिमी (नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघा), तो आहे का? प्लेट झिजली की प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मागच्या जड चाकाच्या) दिशेने पुढे सरकते आणि तिच्या बोटांची (क्लच सोडवणाऱ्या पट्ट्यांची) टोकं मागे, रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबलं की बोटांना ढकलणाऱ्या बेअरिंगकडे) येतात. म्हणून झीज वाढेल तसा पेडलचा खेळ कमी होत जातो. तो शून्य झाला की बेअरिंग बोटांवर सतत टेकून राहतं, म्हणजे तुम्ही पाय न लावताही अर्धा क्लच दाबलेलाच. ड्रायव्हरला पेडलवर पाय ठेवून बसायची सवय असेल तर तेच काम तो फुकटात करतो.

खेळ बरोबर करूनही घसरत असेल तर तापलेल्या ट्रॅक्टरवर एकदाच हे करा: मोकळी सपाट जागा, पुढेमागे माणूस नको, दोन्ही ब्रेक जोडून पक्के दाबलेले, सर्वात वरचा गिअर, रेस मध्यम, आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट पकडत नाही. पुन्हापुन्हा करू नका, उरलीसुरली प्लेट जाळाल.

शेवटी बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) तळाला भोक असतं, त्यात बहुतेक वेळा पिन असते. ती काढून काय गळतं ते सांगा. पातळ काळं तेल असेल तर इंजिनचं मागचं सील. घट्ट, वेगळ्या वासाचं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. कोरडी काळी भुकटी आली तर नुसती झीज.

लोकलचा डबा

कुर्ल्याला सीएसटी रोडवर क्लच प्लेटला नवीन लायनिंग मारून मिळतं, नवीनपेक्षा स्वस्त. बघा हवं तर.

जुना फिटर (वाडा)

टेम्पोला ठीक आहे. भरल्या ट्रॉलीच्या ट्रॅक्टरला मी मारणार नाही. खरा खर्च ट्रॅक्टर इंजिन-गिअरबॉक्सच्या मधून सोडायचा नि जोडायचा असतो, प्लेटचा नव्हे.

खाडीपलीकडचा

दादा, सगळं केलं. पेडलचा खेळ जवळजवळ नव्हताच. रॉड फिरवून 25 मिमीपर्यंत आणला. थंड असताना फरक जाणवला, पण तापल्यावर त्याच चढाला परत तेच. ब्रेकची परीक्षा घेतली, इंजिन बंद पडलं नाही, आरामात चालू राहिलं. पिन काढली तर तेलाचा थेंबही नाही, काळी कोरडी भुकटी पडली.

आता प्रश्न दोन. फक्त मेन प्लेट बदलू की दोन्ही? आणि सीलं चांगली असतील तर तशीच ठेवू का?

जुना फिटर (वाडा)

मेन प्लेट संपलीय. पीटीओची प्लेट चालतेय, तरी बदला. तिच्यासाठी सहा महिन्यांनी पुन्हा भाईंदरवरून घोडे आणणार का? सीलं, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग (फ्लायव्हीलमधलं, इनपुट शाफ्टचं टोक धरणारं), हे सगळं नवीनच. सील स्वस्त आहे, पण पुढे गळलं तर नवी प्लेट तेलात भिजेल.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मेस्त्रीसोबत स्वतः उभं राहून बघा. निळे डाग, बारीक भेगा, रिव्हेटचे चरे असतील तर फ्लायव्हील लेथवर फेसिंग करून (तोंड घासून सपाट करून) घ्या, भेग खोल असेल तर बदला. प्रेशर प्लेटच्या बोटांची उंची पुस्तकातल्या मापाने सारखी करायला सांगा. अंदाजाने केलेली बोटं असतील तर क्लच सोडताना ट्रॅक्टर थरथरतो, मग लोक परत प्लेटला दोष देतात. आणि सोडण्याआधी पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना पाचरी ठोकायला लावा, नाहीतर इंजिन कलंडतं.

भातखाचर

चिखलणीच्या आधी करून घ्या. वाड्याचे मेस्त्री तेव्हा कुणाचे नसतात.

खाडीपलीकडचा

पुढच्या आठवड्याचं ठरवलंय. इंजिन नंबरावरून दोन्ही प्लेटांचे पार्ट नंबर काढून ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारतो. तिथे मिळाल्या नाहीत तर मेस्त्रीलाच येताना आणायला सांगेन. ड्रायव्हरच्या पायाचं काय करायचं ते मात्र कुणी सांगा.