आजोबांच्या शेवरलेचं हेड: आहे तसं ठेवायचं की कापायचं?

घाटरस्ता
कराडला आमच्या गोठ्याशेजारी पत्र्याखाली १९५१ ची दीड टनी शेवरले उभी आहे. जनरल मोटर्सचा शिवडीला कारखाना होता (१९२८ ते १९५४), तिथे जोडलेली. आजोबा तिच्यातून गूळ कोल्हापूरला न्यायचे, पुढे २००४ पर्यंत ती वीटभट्टीवर राबली. आता दसऱ्याला पूजा आणि वर्षाकाठी तीनेकशे किलोमीटर.

इंजिन २१६ घनइंची, म्हणजे ३५४८ सीसी, सहा सिलिंडर, व्हॉल्व हेडमध्ये. दिवाळीपासून रेडिएटरमध्ये बुडबुडे यायला लागले म्हणून हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवलं. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये गॅस्केट जळालंय. त्याहून वाईट म्हणजे एक्झॉस्टचे व्हॉल्व सीटमध्ये (व्हॉल्व बंद होताना टेकतो त्या कडेत) रुतलेत. इनटेकवर बोट फिरवलं तर कड लागते, एक्झॉस्टवर बोट खड्ड्यात जातं.

माझं मत: हेड उघडलंच आहे तर तीन कामं एकदमच उरकावीत. सहाही एक्झॉस्टला कडक सीट, पितळी गाईड (व्हॉल्वची दांडी सरकते त्या नळ्या), आणि हेडचं तोंड प्लेन, म्हणजे कापून सपाट, करताना एक मिलिमीटर जास्त काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) थोडं वर. १९५१ च्या पेट्रोलला ऑक्टेन (ठोका न देता दाब सोसायची ताकद) कमी होतं म्हणून कंपनीने ६.६ वर भागवलं. आज पंपावर त्याहून बरंच जास्त मिळतं. मग का सोडायचं?

घाला शिव्या.

जुनाबाजार
शिव्या नाही, पण हात जोडून सांगतो, नको. आधी कडक सीट, मग कॉम्प्रेशन, मग सहा व्होल्टचं बारा व्होल्ट, मग पॉवर स्टिअरिंग. शेवटी बॉनेटवरचं नाव तेवढं शेवरले उरतं. असे "थोडंसंच केलंय" म्हणणारे ट्रक मी ढिगाने पाहिलेत.

आणि २०२१ चा व्हिंटेज नोंदणीचा नियम वाचा. गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ स्वरूपात हवी. इंजिनात बदल केलात तर त्या दारातून आत जाताच येणार नाही.

पाना_१३
नियम तुम्हीच परत वाचा. तो दुचाकी आणि एम-१ गटासाठी आहे, म्हणजे माणसं नेणारी छोटी गाडी. मालट्रक त्यात बसतच नाही. सीट कडक असो की लोण्याची, घाटरस्ताला ती पाटी मिळणार नाही.

पण कॉम्प्रेशनच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूला. २१६ च्या कनेक्टिंग रॉडला बदलता येणारी शेल बेअरिंग नाहीत, व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतलेलं आहे. तिथे दाबाने तेलही जात नाही. रॉडच्या टोपीखाली चमचा असतो, तो सम्पमधलं (इंजिनाच्या तळातलं) तेल उपसतो आणि त्यावर बेअरिंग जगतं. असल्या इंजिनावर वरून दाब वाढवायचा म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवा चाबूक.

हिशोबही मांडतो. एका सिलिंडरला ५९१ सीसी. ६.६ कॉम्प्रेशन म्हणजे वर उरलेली जागा साधारण १०५.६ सीसी. चेंबरचं (पिस्टनवरच्या हेडमधल्या पोकळीचं) तोंड ५५ चौरस सेंटिमीटर धरलं तर एक मिलिमीटरला साडेपाच सीसी गेले, राहिले १००. कॉम्प्रेशन झालं ६.९. कागदावर फायदा दीड टक्का. ९२ अश्वशक्तीचे ९३. त्या एका घोड्यासाठी व्हाइट मेटल पणाला लावणार?

बिगएंडच्या, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाच्या, टोप्या उघडल्यात का? त्यांच्याखाली फट जुळवायला पातळ पत्र्याचे शिम असतात. शिम किती उरलेत?

घाटरस्ता
बरं, कॉम्प्रेशनचा हट्ट सैल करतो. सीटचा नाही.

पूर्वी पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर सीटवर बसायचा आणि व्हॉल्व आणि सीट यांच्यामध्ये गादीसारखा राहायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. त्यानंतर तापलेला व्हॉल्व साध्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) सीटवर आपटतो, कणकण चिकटतो, उचलताना ते कण उपटून नेतो. आमची गाडी त्यानंतर चार वर्षं विटा ओढत होती. ड्रायव्हर सांगायचा, टॅपेट (व्हॉल्व हलवणारे भाग) वारंवार घट्ट होतात. घट्ट कसले, व्हॉल्वच वर सरकत होता.

जुनाबाजार
हो, पण विटा ओढत होती! सीट रुतते ती लांबच्या चढाला, भरल्या गाडीला, तासन्‌तास. तुमची गाडी दसऱ्याला झेंडूचा हार घालून गावातल्या गावात फिरते. साधं ग्राइंडिंग करा, लॅप करा (व्हॉल्व सीटवर घासून बसवा), बंद करा. तीनशे किलोमीटरला ते तुमच्या नातवापर्यंत पुरेल.

तळ्याकाठी
मिशिगनहून. ही गाडी इकडची, आणि हे भांडणही. शनिवारी चार म्हातारे जमले की हाच विषय. बहुतेकांचं म्हणणं असं की सीट खरंच रुतली असेल तर बदला, नसेल तर उगाच कापू नका. तुमची रुतली आहे, म्हणजे वाद मिटला.

एक काम मात्र विसरू नका. दोन रॉकर शाफ्टच्या (व्हॉल्व दाबणारे रॉकर ज्यांवर बसतात त्या दांड्यांच्या) मध्ये तेलाची बारीक जोडनळी असते, ती गाळाने बुजते. रॉकर कोरडे पडून कटकट करतात आणि लोक दोष टॅपेटला देतात. तार घालून साफ करा.

आणि खरं सांगू? १९५४ चं २३५ घनइंची इंजिन शोधा. त्यात बेअरिंगला दाबाने तेल जातं. मग हेडचे हवे तेवढे लाड करा.

पाना_१३
शोधू की. कुर्ल्याच्या भंगारबाजारात मिळालं नाही तर तुम्ही पोस्टाने पाठवा.

शिरोलीकर
मी हेच काम करतो, बीड रोज हातात असतं, म्हणून दोन गोष्टी.

एक. कडक सीट बसवायची म्हणजे आधी खड्डा कापायचा. या जुन्या हेडमध्ये इनटेक आणि एक्झॉस्टच्या मधली भिंत आणि खालचं पाण्याचं जॅकेट (थंडाव्याचं पाणी फिरतं ती पोकळी) यांचा भरवसा नाही. सत्तर वर्षं आतून गंज खात आलाय. मागच्या वर्षी एका जुन्या हेडमध्ये कटर घातला आणि पाचव्या खड्ड्यात पाणी दिसलं. चूक माझी, आधी तपासलं नव्हतं. आता पाण्याची भोकं पट्ट्या लावून बंद करतो, आत हवा भरतो, हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवतो. बुडबुडा कुठून येतो ते बघूनच कटरला हात.

दोन. मोठी सीट ठोकू नका. जेवढी लहान बसेल तेवढी. हेड तापवून, सीट गार करून बसवायची, हातोडीने नव्हे.

प्लेन करायच्या आधी चेंबर मोजा. या वयाची हेडं आधी दोनतीनदा कापलेली असतात.

जुनाबाजार
शिरोलीकर, तुम्ही माझ्याच बाजूने बोललात हे तुमच्या लक्षात आलं का?

शिरोलीकर
मी कोणाच्याच बाजूने नाही, हेडच्या बाजूने आहे.

घाटरस्ता
काल दुपारभर चेंबर मोजण्याचंच काम केलं. हेड उलटं, लेव्हलमध्ये, व्हॉल्व ग्रीस लावून बसवलेले, वरून भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी, आणि सिरिंजने रॉकेल. पहिल्या चेंबरमध्ये सहाव्यापेक्षा चार सीसी कमी मावलं. परत भरलं, तेवढंच. म्हणजे कोणीतरी आधीच प्लेन केलंय आणि तेही तिरकं. तुमच्या ५५ च्या हिशोबाने पाऊण मिलिमीटरला थोडं कमी.

मी एक मिलिमीटरवरून भांडत होतो आणि ते कधीच काढून झालंय.

दुसरं. चौथ्या एक्झॉस्टचा कार्बन तारेच्या ब्रशने काढला तर आत गोल रेघ दिसली. तिथे सीट बसवलेली आहे! बाकीच्या पाच रुतल्यात, ही एकटी सरळ. आजोबांच्या खातेवहीत "हेड काम, कोल्हापूर, ८५ रुपये" अशी नोंद आहे. तारखेवर शाई सांडली आहे.

पाना_१३
आता सरळ करायला सहावी बाजू कापलीत तर कॉम्प्रेशन आपोआप वाढेल. कापू नका. तोंड सपाट असेल तर तिरकेपणाने गॅस्केटचं काही बिघडत नाही. गॅस्केटला सपाटी लागते. सीसी जुळवायचे तर पहिल्या बाजूची चेंबरं आतून थोडी खरवडा.

शिरोलीकर
बरोबर. पण खरवडताना व्हॉल्वच्या कडेला हात लावू नका, तिथे भिंत पातळ. हेड सोमवारी पाठवा, टाकीत बुडवून सांगतो.

जुनाबाजार
८५ रुपये त्या काळी कमी नव्हते. ती चौथी सीट काढू नका हां. बसवायच्याच असतील तर पाच बसवा. गाईड मात्र बिडाचेच, तिथे मी ऐकणार नाही.

घाटरस्ता
पाच. गाईडचं टाकीतून बाहेर आल्यावर भांडू.

पाना_१३
शिम किती उरलेत? दुसऱ्यांदा विचारतोय.