मदत हवी आहे: नववीतल्या मुलाला नेटवर माहिती शोधायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,
आम्ही धुळ्याला राहतो. मुलगा नववीत, मराठी माध्यमात आहे. मागच्या आठवड्यात त्याने 'आपला जिल्हा' हा प्रकल्प केला. सुबक अक्षर, रंगवलेला नकाशा, स्पायरल बाइंडिंग. बाईंनी लाल पेनाने 'छान' लिहून दहापैकी नऊ दिले. मी सहज चाळला, तर धुळे जिल्ह्याचे तालुके दहा! शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, अक्राणी आणि खुद्द नंदुरबारसुद्धा त्यात. माझं माहेर शहाद्याचं. १ जुलै १९९८ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी शाळेत होते. आता धुळ्याकडे चारच तालुके आहेत: धुळे, साक्री, शिंदखेडा, शिरपूर.

कुठून घेतलंस विचारलं, तर म्हणे, "गूगलवर शे ना आई!" ते पान पुन्हा शोधायला दोघांना अर्धा तास लागला. सापडलं तर त्यावर लोकसंख्येपुढे '१९९१ची जनगणना' असं सरळ लिहिलेलं. याने ते वाचलंच नव्हतं. प्रश्न जसाच्या तसा टाइप करायचा, पहिलं येईल ते उघडायचं, बोट दाबून धरायचं, कॉपी. पान कोणी लिहिलं, कधी लिहिलं हे बघायचं असतं, हेच त्याला माहीत नाही.

मुलावर राग नाही माझा. संगणकाच्या तासाला फाइल सेव्ह करणं, अक्षर ठळक करणं, स्लाइड बनवणं एवढंच होतं. आणि प्रकल्प मात्र प्रत्येक विषयाला, 'नेटवरून माहिती मिळवा'. जे शिकवलंच नाही त्याचे गुण देता तरी कसे?

शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधायचं मी त्याला दाखवलं. पुढे काय, कोणत्या क्रमाने? गल्लीतली आणखी चार मुलं रविवारी बसायला तयार आहेत. मराठीतून करून घेता येईल असा सराव कोणी घेतलाय का? आणि बाईंना न दुखवता हे कसं सांगू? त्यांच्याकडे साठ वह्या असतात, मला कळतं.

प्रतिसाद
ताई, मी यावल तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. सुरुवात उत्तरं जुळत नाहीत अशा प्रश्नाने करा. मी विचारतो, १९३६चं फैजपूर काँग्रेस अधिवेशन कोणत्या जिल्ह्यात झालं? कोणी 'पूर्व खानदेश' आणतं, कोणी 'जळगाव'. जळगाव जिल्ह्याचंच जुनं नाव पूर्व खानदेश. दोन्ही कशी बरोबर, हे शोधताना पोरं आपोआप पानाची तारीख बघायला लागतात. वहीत तीन रकाने आखून द्या: कुठे सापडलं, कोणी लिहिलं, कधीचं आहे. रकाना रिकामा राहिला तर ती माहिती प्रकल्पात घ्यायची नाही.
बाईंकडे तुम्ही जाऊ नका. पोरालाच दुरुस्त केलेलं पान घेऊन पाठवा.

धागाकर्ती
सर, मनापासून आभार. या रविवारी फैजपूरपासूनच सुरू करते. एक विचारू? पाच मुलांत मोबाइल एकच आहे, माझा. तेव्हा गट कसे पाडता तुम्ही?